फसलेल्याला हसू नका

कुणी फसल्याची बातमी गावात आली की तिच्यामागोमाग दोन वाक्ये हमखास येतात. पहिले, 'लोभ नडला, दुसरे काय!' आणि दुसरे, 'एवढा शिकलेला माणूस, पण अक्कल कुठे गहाण टाकली होती?' चहाच्या टपरीवर, एस. टी. स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत ही दोन वाक्ये उच्चारली की बोलणाऱ्याचे मोठे समाधान होते. आपण लोभी नाही, आपल्याला अक्कल आहे, सबब आपण सुरक्षित आहोत, असा हिशेब मनातल्या मनात जुळतो. प्रस्तुत लेखात मला या हिशेबाविरुद्ध बोलायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, फसवणारा आपल्या लोभाचा जेवढा फायदा घेतो, त्याहून अधिक आपल्या चांगल्या सवयींचा घेतो; आणि पैसे घेऊन पसार व्हायला त्याला जो वेळ मिळतो, तो पुष्कळदा आपल्या हसण्यामुळे मिळतो.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. पैसा, पतपेढी, व्याज, ठेव या गोष्टी आम्हाला पुस्तकातून शिकवल्या जातात. परंतु पैसा जातो कसा, हे मात्र कुठल्याच प्रश्नपत्रिकेत विचारत नाहीत. ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचावे लागते.

त्या आतल्या पानावर एक बातमी माझ्या लहानपणापासून जवळजवळ शब्दही न बदलता येत आली आहे. सकाळची वेळ. एक वृद्ध बाई देवळातून परतत असतात. दोन धडधाकट तरुण मोटारसायकलवरून येतात आणि अदबीने म्हणतात, "आजी, पुढच्या चौकात खून झालाय. साहेब तपासणी करताहेत. अंगावरचं सोनं काढून रुमालात बांधून ठेवा बघू." आजी बांगड्या काढतात, गळ्यातली माळ काढतात. तरुणच रुमालाला गाठ मारून पुडी हातात ठेवतात. घरी येऊन उघडावी तर आत खडे! बातमीचा मथळा ठरलेला असतो : 'तोतया पोलिसांनी वृद्धेस लुबाडले.' आता मला सांगा, या आजींचा लोभ कुठे होता? त्यांनी एक पैसाही जास्त मागितला नव्हता. पोलिसांचे ऐकावे, ही आयुष्यभराची शिस्त त्यांनी पाळली, एवढाच त्यांचा अपराध.

'तोतया' हा शब्द मराठी माणसाला इतिहासातूनच मिळालेला आहे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांचा देह ओळखण्यावरून शंका राहिली आणि त्या शंकेच्या आधाराने एक माणूस 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. १७७६ साली कोकणात त्याच्याभोवती फौज जमली, किल्ले त्याच्या हाती गेले आणि अखेर त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. त्याच्यामागे जे गेले ते सारेच काही मूर्ख नव्हते. ज्याच्याविषयी आदर आहे त्याचे नाव, त्याची खूण, त्याचा थाट समोर आला की तपासणी करण्याचे धैर्य फार थोड्यांना होते. अडीचशे वर्षांत मनुष्यस्वभाव फारसा बदललेला नाही. तोतयाच्या हाती फक्त नवी साधने आली आहेत.

हल्ली ज्याला 'डिजिटल अटक' म्हणतात तो प्रकार म्हणजे शुद्ध तोतयेगिरीच होय. फोन येतो. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत', किंवा 'तुमच्या आधार कार्डावर काढलेल्या खात्यातून काळा पैसा फिरला आहे', असे सांगण्यात येते. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो. त्याच्यामागे राष्ट्रध्वज असतो, भिंतीवर बोधचिन्ह असते, वायरलेसचा खरखराटही ऐकू येतो. 'कॅमेऱ्यासमोरून उठायचे नाही, घरात कुणाला सांगायचे नाही, चौकशी संपेपर्यंत तुमचे पैसे सरकारी खात्यात जमा करा, निर्दोष ठरलात की परत मिळतील.' माणूस तासन् तास, कधी दिवसेंदिवस, स्वतःच्याच घरात स्वतःच्याच खुर्चीवर कैदी होऊन बसतो.

अशा वेळी 'अक्कल कुठे गेली होती' हा प्रश्न ज्यांना विचारावासा वाटतो, त्यांनी लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांचे उदाहरण आठवावे. पद्मभूषण मिळालेला, ऐंशी वर्षे ओलांडलेला, हजारो कामगारांचा कारभार पाहिलेला हा गृहस्थ. २०२४ च्या ऑगस्टअखेर त्यांच्यापुढे व्हिडिओवर चक्क सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी उभी करण्यात आली. त्यात एक तोतया सरन्यायाधीशसुद्धा होता. ओसवालांचे सात कोटी रुपये गेले. परंतु पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्यांनी तोंड लपवले नाही. पोलिसांकडे तक्रार केली, वर्तमानपत्रांना आपली हकिकत सांगितली आणि पोलिसांना त्यातले सुमारे सव्वापाच कोटी परत मिळवता आले.

कायदा काय म्हणतो, हेही येथे सांगितले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात 'डिजिटल अटक' नावाची गोष्टच नाही. तिच्याआधीच्या कायद्यातही नव्हती. पोलीस, सी. बी. आय., ई. डी., न्यायालय यांपैकी कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करीत नाही आणि चौकशीसाठी म्हणून कुणाची बचत 'सरकारी खात्यात' मागवून घेत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांना हे देशाला समजावून सांगावे लागले, यावरूनच प्रकरण किती पसरले होते ते ध्यानात येईल. जाता जाता एक गंमत. ज्या कलमावरून आपण लबाडाला 'चारसौबीस' म्हणतो, ते १८६० च्या दंड संहितेतले कलम ४२० आता नव्या न्याय संहितेत ३१८ झाले आहे. भाषेतला चारसौबीस मात्र इतक्यात काही निवृत्त होत नाही.

यावर कुणी म्हणेल, 'हे भीतीचे झाले. पण दामदुप्पट योजनांत पैसे टाकणारे तरी लोभीच ना?' हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर टाळून चालणार नाही.

दामदुप्पट योजनेचा आद्यपुरुष म्हणून चार्ल्स पाँझी याचे नाव जगभर घेतले जाते. अमेरिकेतील बोस्टन शहरात १९२० साली त्याने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देण्याचे वचन दिले. परदेशी टपालाची उत्तर-कूपने एका देशात स्वस्त घेऊन दुसऱ्या देशात महाग विकतो, असे तो सांगे. प्रत्यक्षात तसा व्यापार जवळजवळ नव्हताच. आज आलेल्याचे पैसे काल आलेल्याला द्यायचे, एवढाच त्याचा धंदा होता. येणाऱ्यांची रांग थांबली तेव्हा डोलारा कोसळला. शंभर वर्षे उलटून गेली, परंतु या युक्तीत कुणाला काडीचीही सुधारणा करावी लागलेली नाही. फक्त कूपनाच्या जागी कधी सागाची झाडे येतात, कधी इमू पक्षी येतात, कधी आभासी चलन येते.

आपल्याकडचीच दोन उदाहरणे घेऊ. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या एका कंपनीने शेतकऱ्यांना कडकनाथ कोंबड्यांची पिल्ले पैसे घेऊन दिली आणि अंडी व पक्षी आम्हीच चांगल्या भावाने विकत घेऊ असा करार केला. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची काळ्या मांसाची कोंबडी. ती खरी आहे आणि तिला मागणीही आहे. म्हणूनच तर विश्वास बसला! २०१९ साली कंपनीने खरेदी थांबवली आणि सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांच्या दारात कोंबड्या, डोक्यावर कर्ज, असा प्रसंग ओढवला. दुसरे उदाहरण मुंबईतले. दादरला आणि आसपासच्या उपनगरांत झगमगीत दालने थाटून 'टोरेस' नावाने खडे विकणाऱ्या कंपनीने दर आठवड्याला पैसे परत देण्याची योजना चालवली. भाजीविक्रेत्यांपासून पगारदारांपर्यंत सर्वांनी पैसे टाकले. २०२५ च्या जानेवारीत दादरच्या दालनाबाहेर हताश माणसांची गर्दी उभी होती आणि सूत्रधार देशाबाहेर गेलेले होते.

येथे आमच्या विषयातले साधे अंकगणित मदतीला येते. आठवड्याला केवळ ५ टक्के असे कुणी म्हणाले तर ऐकायला किरकोळ वाटते. पण वर्षाचे आठवडे ५२. म्हणजे वर्षाला २६० टक्के, तेही सरळव्याजाने! बँकेच्या मुदत ठेवीवर वर्षाला जेमतेम सहा-सात टक्के मिळतात. जो माणूस खरोखर २६० टक्के कमावू शकतो, त्याला बँकेने आनंदाने कर्ज दिले असते. तुमच्या आईच्या भिशीचे पाच हजार मागायला तो तुमच्या दारात कशाला येईल? एवढा एक प्रश्न मनात आणला तरी अर्ध्या योजना उंबऱ्याबाहेर राहतील.

मग लोक हा प्रश्न का विचारीत नाहीत? लोभ असतो, हे मी नाकारत नाही. परंतु लोभ एकटा पुरेसा नसतो. अशा योजनेत पहिल्यांदा शिरणाऱ्यांना पैसे खरोखर मिळतात. शेजारच्या वहिनींना मिळालेले असतात, मामांना मिळालेले असतात. ते तुम्हाला फसवण्यासाठी सांगत नाहीत; आपले भले झाले तसे तुमचेही व्हावे, म्हणून कळकळीने सांगतात. त्यांचा अनुभव खरा असतो, आणि तरीही पुराव्याच्या दृष्टीने तो निरुपयोगी असतो. कारण फसव्या योजनेतही पहिले हप्ते वेळेवरच येतात, किंबहुना तेच तर आमिष. नात्यातल्या माणसाकडे 'कागद दाखवा' असे म्हणणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. म्हणजे येथेही सापळा आपल्या चांगुलपणावरच रचलेला असतो. बोस्टनच्या पाँझीला वर्तमानपत्री प्रसिद्धी लागली. आमच्याकडे हळदीकुंकू पुरते.

या बाबतीत एक गोष्ट आपणा विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. माणसाखाली माणसे जोडून पैसे फिरवणाऱ्या योजनांवर आपल्या देशात १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याप्रमाणे योजना चालवणे तर गुन्हा आहेच, पण तिचे सभासद होणे, तिच्यात भाग घेणे हाही गुन्हा आहे. ठेवीदारांच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ साली स्वतंत्र कायदा केला, आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ साली आला. तेव्हा वसतिगृहाच्या खोलीवर येऊन 'तू फक्त दोन मित्र आण' म्हणणारा सीनिअर तुम्हाला श्रीमंतीकडे नेतो की कोर्टाकडे, याचा विचार आधी झालेला बरा.

आता विद्यार्थ्यांच्याच वाट्याला येणारे काही प्रकार सांगतो.

पहिला प्रकार नोकरीचा. आमच्या वर्गातली निम्मी मुले स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात आहेत. तलाठी, पोलीस, रेल्वे, बँक. जागा थोड्या, अर्ज लाखांनी. अशा उतावीळ गर्दीत 'साहेबांशी ओळख आहे, आधी निम्मे, ऑर्डर हातात आल्यावर निम्मे' म्हणणारा माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. तो बनावट नेमणूकपत्रही देतो, त्यावर शिक्काही असतो. यात बाप जमीन गहाण टाकतो आणि फसल्यावर तक्रारही करू शकत नाही, कारण लाच दिल्याचे आपणच कबूल करावे लागते. फसवणाऱ्याने ही गाठ मुद्दाम मारलेली असते.

दुसरा प्रकार घरबसल्या कामाचा. मोबाइलवर संदेश येतो : व्हिडिओंना पसंती द्या, हॉटेलांना तारे द्या, दर कामाचे पन्नास रुपये. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरोखर येतात. मग 'मोठे काम' हवे असेल तर आधी हजार भरा, मग पाच हजार, मग वीस हजार. पडद्यावर नफ्याचा आकडा फुगत जातो; काढायला गेले की 'कर भरा', 'दंड भरा'. शेअर बाजाराच्या नावाने चालणाऱ्या खोट्या ॲपमध्येही हेच होते. पडद्यावरचा आकडा म्हणजे पैसा नव्हे; खात्यात परत आला तोच पैसा.

तिसरा प्रकार देण्याघेण्याचा. जुनी सायकल विकायची जाहिरात दिली की गिऱ्हाईक भाव न करता तयार होते आणि म्हणते, 'पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका.' येथे एकच नियम पाठ असावा : यू. पी. आय.चा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. तसेच अनोळखी नंबरावरून आलेली लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती उघडताना मोबाइल 'ॲप इन्स्टॉल करू का?' असे विचारू लागला, तर ती पत्रिका नव्हे आणि पावतीही नव्हे. त्या ॲपच्या वाटेने चोर तुमच्या मोबाइलमध्ये येऊन बसतो आणि बँकेचे संदेश तुमच्या आधी वाचतो.

चौथा प्रकार सर्वांत घातक, कारण त्यात आपण फसणाऱ्यांच्या नव्हे, तर फसवणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभे राहतो. 'तुझे बँक खाते महिनाभर वापरायला दे, पाच हजार मिळतील.' पासबुक, ए. टी. एम. कार्ड आणि सिम एवढेच द्यायचे. काम काहीच नाही. पैसे लुबाडलेल्या माणसाची रक्कम अशाच भाड्याच्या खात्यांतून हातोहात पुढे सरकवली जाते. सूत्रधार दूर कुठेतरी असतो. पोलिसांना पहिल्यांदा सापडते ते खाते, आणि खात्यावर नाव असते आपल्या एखाद्या वर्गमित्राचे. ज्या आजोबांची पुंजी गेली, तिचा रस्ता आपल्या मित्राच्या पासबुकातून गेला, हे कळल्यावर 'मला काय माहीत?' हे उत्तर ना न्यायालयात पुरते, ना स्वतःच्या मनाला. खाते हे अंगठ्याच्या ठशासारखे असते. ते उसने देण्याची वस्तू नव्हे.

आणि फसवणारेही सारे आपखुशीने तेथे बसलेले नाहीत. म्यानमार, कंबोडियाकडे डेटा एंट्रीच्या नोकरीच्या आशेने गेलेल्या भारतीय तरुणांचे पासपोर्ट काढून घेऊन, कुंपणाच्या आत कोंडून, त्यांच्याकडून हेच फसवणुकीचे फोन करून घेण्यात आले. २०२५ च्या मार्चमध्ये भारत सरकारने म्यानमार-थायलंड सीमेवरून पाचशेहून अधिक भारतीयांना विमानाने परत आणले. म्हणजे फोनच्या दोन्ही टोकांना फसलेलीच माणसे! बी. ए. झालेल्या, थोडे इंग्रजी येणाऱ्या, नोकरी शोधणाऱ्या मुलाला ही बातमी परकी वाटू नये.

प्रकार शेकडो आहेत आणि हा अंक तुमच्या हाती पडेपर्यंत आणखी चार निघालेले असतील. सगळे पाठ करणे अशक्य आहे, आणि त्याची गरजही नाही. मला त्या सर्वांत तीनच खुणा समान दिसतात. एक, घाई : 'आत्ता, या क्षणी, नाहीतर संधी जाईल' किंवा 'नाहीतर अटक होईल.' दोन, गुप्तता : 'घरी सांगू नका, बँकेतल्या माणसाला खरे कारण सांगू नका.' तीन, आधी पैसे : नोकरी मिळण्यासाठी पैसे, बक्षीस मिळण्यासाठी पैसे, आपलेच पैसे सुटण्यासाठी पैसे. या तिन्हींपैकी दोन खुणा दिसल्या की फोन ठेवावा. खरा अधिकारी पुन्हा फोन करील, पत्र पाठवील. खरी बँक उद्याही तिथेच असेल. उद्धट ठरण्याची भीती वाटून घेऊ नये. फोन तोडल्याने ज्याचा अपमान होतो, त्याच्याकडे तुमचे काही काम नव्हतेच. आणि बोलणाऱ्याचा आवाज पोटच्या मुलाचा असला तरीही हेच करावे, कारण आता आवाजाचीही नक्कल होते. फोन ठेवून, आपल्याजवळ असलेल्या त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपणच फोन लावावा.

इथवर सावधगिरीचे झाले. माझा मुख्य मुद्दा मात्र याच्या पुढचा आहे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. गेल्या वर्षी नोव्हेंबरात त्यांना फोन आला की, 'हयातीचा दाखला पोहोचला नाही, पेन्शन बंद होईल.' नोव्हेंबरात दाखला द्यावा लागतो, हे खरेच. फोनवरच्या माणसाला त्यांचे नाव, शाळा, निवृत्तीचे वर्ष सगळे ठाऊक होते. गुरुजींनी मोबाइलवर आलेला ओ. टी. पी. वाचून दाखवला. अर्ध्या तासात खात्यातले दोन लाख गेले. गुरुजींनी हे कुणालाही सांगितले नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. नऊ दिवस ते नेहमीप्रमाणे सकाळी फिरायला जात होते. ज्या गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी हिशेब शिकवला, त्या गावात 'गुरुजी फसले' हे ऐकायची त्यांची तयारी नव्हती. दहाव्या दिवशी मुलाने पासबुक भरून आणले तेव्हा उलगडा झाला. तोवर ती रक्कम अनेक खात्यांतून फिरून रोख निघून गेली होती.

या नऊ दिवसांची किंमत किती, हे समजून घ्यावे. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तेथे तक्रार जाताच संबंधित बँकांना कळवले जाते आणि पैसे ज्या पुढच्या खात्यात असतील तेथे ते अडवून धरता येतात. पण तेथे असतील तरच. पहिल्या तासात पैसे बहुधा वाटेत असतात, दुसऱ्या दिवशी क्वचित, नवव्या दिवशी जवळजवळ कधीच नसतात. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या जुलैमध्ये काढलेल्या परिपत्रकातही सारा भर वेळेवरच होता : बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा दोषामुळे पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार नाही; आणि ग्राहकाची चूक असली तरीही, त्याने बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचे. म्हणजे कायदा आणि यंत्रणा दोघीही एकच गोष्ट सांगतात : लवकर बोला. आणि समाज काय सांगतो? बोललास तर हसू!

गुरुजींचे पैसे चोराने नेले हे खरे. परंतु ते परत मिळण्याची जी थोडीफार आशा होती, ती कुणी नेली? ती त्या संभाव्य हशाने नेली. प्रत्यक्षात कुणी हसले नसते कदाचित. पण दुसऱ्या कुणाला हसताना गुरुजींनी आयुष्यभर ऐकले होते, तेवढे पुरे झाले.

काही मित्र म्हणतात, 'हसले नाही तर लोक शहाणे कसे होणार? लाजेने माणूस सुधारतो.' मला हे पटत नाही. लाजेने माणूस सुधारत नाही, तो गप्प बसतो. आणि प्रत्येक गप्प बसलेला माणूस फसवणाऱ्याला पुढचे गिऱ्हाईक मिळवून देतो; कारण जी युक्ती गावात कुणालाच ठाऊक नाही, ती पुन्हा त्याच गावात चालते. साथीच्या रोगाच्या बाबतीत आपण हे शिकलो आहोत. रोगी लपून राहिला तर साथ वाढते. फसवणुकीचेही तेच आहे. घरफोडी झाली तर आपण सांत्वनाला जातो. 'कुलूप बारीक का लावलेस' म्हणून चोरी झालेल्याला हसत नाही. मग फोनवरून झालेल्या चोरीलाच निराळा न्याय का?

आपल्या महाविद्यालयाने या कामी थोडा पुढाकार घ्यावा, असे मला वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, ते करावेच. पण यंदा प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या पाच वृद्धांच्या मोबाइलमध्ये १९३० हा क्रमांक नाव घालून भरून द्यावा आणि पिनचा तो एक नियम मराठीत समजावून सांगावा. सूचना फलकावर क्रीडास्पर्धांच्या निकालाशेजारी 'या महिन्यात आपल्या परिसरात चाललेली फसवणूक' असा एक कागद लागावा. नावे नकोत, फक्त युक्ती लिहावी. मुलींच्या खोलीत, वसतिगृहात, ग्रंथालयात तो वाचला जाईल. याला पैसा लागत नाही, परवानगी लागलीच तर प्राचार्यांची.

आणि घरी एक गोष्ट करावी. आज रात्री जेवताना आई-वडिलांना, आजोबांना सरळ सांगावे : 'कुणी कितीही मोठा साहेब असला आणि कुणाला सांगू नका म्हणाला, तर सर्वांत आधी मला सांगा. पैसे गेले असतील तरी सांगा. मी रागावणार नाही, हसणार नाही.' हे वाक्य म्हणायला अर्धे मिनिट लागते. फसवणाऱ्याचे सारे भांडवल आपल्या माणसाच्या एकटेपणात असते, आणि ते या अर्ध्या मिनिटात बरेचसे बुडते.